पाऊस जात पाहत नाही, पाणी पाहते

२०१९ च्या जुलै महिन्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आमच्या मुकुंदवाडीची एक बातमी जगभर पोहोचवली. नऊ-दहा वर्षांची मुलं शाळा सुटली की कॅन आणि हंडे घेऊन मुकुंदवाडी स्टेशनवर येतात, रेल्वेत बसून औरंगाबादला जातात, तिथे पाणी भरतात आणि परतीच्या गाडीने घरी येतात. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. परदेशातल्या वाचकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो फिरले, आणि नेहमीप्रमाणे आठवड्याभरात सगळे विसरले.

त्या बातमीत मुकुंदवाडीला 'गाव' म्हटलं होतं. बाहेरच्या पत्रकाराचा तसा समज होणं साहजिक आहे. पण आपल्याला माहीत आहे की मुकुंदवाडी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला चिकलठाण्याची एमआयडीसी. पाऊस सिडकोवर कमी पडला तेवढाच मुकुंदवाडीच्या वस्त्यांवर कमी पडला. मग रेल्वेने पाणी आणायची वेळ आमच्याच लेकरांवर का आली?

हा प्रश्न मी मुद्दाम इतिहासाला विचारणार आहे. कारण हवामान बदलावर आज जे बोललं जातं, त्यात एक वाक्य हमखास असतं : 'हे संपूर्ण मानवजातीवरचं संकट आहे.' हे अर्धसत्य आहे. पृथ्वी तापते आहे, औद्योगिक काळाच्या सुरुवातीपेक्षा सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढलं आहे, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पण संकट सगळ्यांवर आलं म्हणजे ते सगळ्यांवर सारखं आलं, असं होत नाही. मराठवाड्याचा आणि महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तर उलटंच सांगतो.

१८७६ : धान्य होतं, मजुरी नव्हती

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस दगावला आणि १८७८ पर्यंत दुष्काळ चालला. आज शास्त्रज्ञ त्याचा संबंध पॅसिफिक महासागरातल्या एल निनोशी जोडतात. समुद्राच्या पाण्याचं तापमान वाढलं की हजारो मैलांवरचा मान्सून बिघडतो. त्याच वर्षांत उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही होरपळला. माईक डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने या सगळ्या दुष्काळांचा एकत्र इतिहास लिहिला. त्याचा निष्कर्ष असा की पाऊस हवामानाने बुडवला, पण माणसं मारली ती साम्राज्याच्या धोरणाने. एकट्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसं मेली, आणि त्याच काळात हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जात होता.

दुष्काळी कामावर आलेल्या मजुराला किती द्यायचं, हे सर रिचर्ड टेम्पल यांनी ठरवलं : रोजचं एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. दिवसभर दगड-माती उपसणाऱ्या माणसाला एवढंच. मुंबई इलाख्यात या कपातीविरुद्ध मजुरांनी कामं बंद पाडली.

मेलं कोण? सरकारनेच नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात कबूल केलं की पाऊस दगावला की सर्वांत आधी शेतीतली मजुरी बंद होते आणि मजुरीवर पोट असलेला प्रचंड वर्ग उघड्यावर पडतो. म्हणजे प्रश्न केवळ धान्य नसण्याचा नव्हता, ते विकत घ्यायला हातात काही नसण्याचाही होता. शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा सिद्धांत म्हणून मांडला.

आता हे आपल्या गावगाड्यात ठेवून पाहा. महार, मांग यांचं जगणं कशावर होतं? खळ्यावर मिळणाऱ्या बलुत्यावर आणि मजुरीवर. पीकच आलं नाही तर खळं नाही, खळं नाही तर बलुतं नाही. पाटलाच्या घरी दोन वर्षांचं पेव भरलेलं असू शकतं. महारवाड्यात पेव कुठून येणार? पाऊस दोघांचा बुडाला, पण एकाचा बुडाला तो हंगाम आणि दुसऱ्याचं बुडालं ते जगणं.

त्या काळात या गोष्टीकडे आपल्या बाजूने पाहणारा एक माणूस होता. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. जोतीराव अन्नछत्रावर थांबले नाहीत. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारला सांगितलं की डोंगर-टेकड्यांवर बंधारे घाला, पाणी जमिनीत मुरू द्या, त्यासाठी लष्कर-पोलिसातली रिकामी माणसं कामाला लावा. आज 'पाणलोट विकास' म्हणून जे सांगितलं जातं, ते आपल्याकडे तेव्हापासून आहे.

पुढे १८९९-१९०० चा 'छप्पन्या' आला. याच सुमाराला, १९०० च्या आगेमागे, मनमाडहून औरंगाबादकडे निजामाच्या मुलखातली रेल्वे सुरू झाली. दुष्काळाने उठवलेली माणसं रेल्वेने मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे निघाली. २०१९ मध्ये आमची मुलं पाण्यासाठी ज्या रुळावरून गेली, तो रूळ हाच.

महाड : जिथे पाऊस कमी नव्हता

कुणी म्हणेल, हे दुष्काळी भागाचं रडगाणं आहे, पाणीच कमी म्हटल्यावर भांडणं होणारच. त्यांनी महाडकडे पाहावं. मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाड कोकणात, तिथे तीन हजारांच्या पुढे, म्हणजे आपल्या चौपट. तिथे निसर्गाने काही कमी केलं नव्हतं. तळं भरलेलं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ओंजळभर पाण्यासाठी चालत जावं लागलं. त्यानंतर तळ्याचं शुद्धीकरण झालं, खटला दहा वर्षं चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला.

हवामान बदलाच्या चर्चेत चवदार तळ्याचं नाव कुणी घेत नाही. मला वाटतं ते सर्वांत आधी घ्यायला हवं. कारण आपल्या समाजात तहान दोन प्रकारची आहे, हे महाडने सिद्ध केलं. एक तहान पाऊस न पडल्याने लागते, दुसरी पाऊस पडूनही लागते. हवामान बदल पहिली तहान वाढवणार आहे. पण दुसरी आधीपासून शिल्लक असेल, तर पहिलीचा सगळा भार तिच्यावरच येऊन पडतो.

१९७२ : खडी, सुकडी आणि ब्राह्मणगावची विहीर

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी भोगला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात : खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर लाल मिलो यायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढा मोठा दुष्काळ पडूनही १८७६ सारखी प्रेतं पडली नाहीत, कारण मजुरी चालू राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, आणि मोर्चे काढणाऱ्या लाखो मजुरांनी राज्यावर लादलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली. केंद्राचा २००५ चा कायदा त्याच वाटेने आला. म्हणजे ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्या रेट्याने देशाला कामाचा हक्क मिळाला. हा आपला इतिहास आहे. तो 'सरकारने दिलं' असा सांगू नका.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजू बघा. मे १९७२. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांना मारहाण झाली, विवस्त्र करण्यात आलं. त्याच सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात अशा अत्याचारांना होणाऱ्या नाममात्र शिक्षेवर जे लिहिलं, त्याने महाराष्ट्र हादरला. पँथरच्या जन्माची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक कारण मराठवाड्यातल्या विहिरीशी जोडलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. पाणी आटलं की वरची जात विहिरीवर पहारा ठेवते, आणि त्या पहाऱ्याला पहिली सापडते ती हंडा घेऊन निघालेली आपली बाई.

पुढे २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत आपली घरं जळाली. दुष्काळाने उठवलेला आणि अत्याचाराने उठवलेला, अशी दोन्ही माणसं शहराकडे आली. जालना, बीड, परभणीकडून आलेली अशी कुटुंबं आज शहराच्या कडेच्या वस्त्यांत राहतात. आता 'क्लायमेट रेफ्युजी' हा शब्द मोठ्या परिषदांमध्ये वापरतात आणि तुवालू, किरिबाटी या बुडणाऱ्या बेटांची उदाहरणं देतात. ती खरीच आहेत. पण मराठवाड्यात असे निर्वासित पन्नास वर्षांपासून आहेत. त्यांना फक्त 'झोपडपट्टी' म्हणतात.

शहरात आलं तरी रांग तीच

शहरात आल्यावर तरी पाणी मिळालं का? चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या आणि निजामशाहीचा वजीर झालेल्या माणसाने, या शहराला नहर बांधून पाणी दिलं. आज पन्नासेक किलोमीटरवर पैठणला १९७६ चं जायकवाडी धरण आहे, तरी नळाला काही दिवसांनी एकदा पाणी येतं आणि अनधिकृत ठरवलेल्या वस्तीत नळच नसतो. तिथे टँकर, नाहीतर विकतचा ड्रम. बंगल्यातला माणूस जमिनीखाली टाकी बांधतो, बोअर घेतो, चार दिवस पाणी नाही आलं तरी त्याला कळत नाही. पत्र्याच्या खोलीत साठवायला जागा नाही, म्हणून ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बाईची मजुरी बुडते. हे मी रोज पाहते.

२०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, १२ एप्रिलला पहिली गाडी ५ लाख लिटर घेऊन पोहोचली. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. त्याच महिन्यात आमच्याकडे उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला आदेश द्यावा लागला की बिअर आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने, मग ६० टक्क्यांनी कापा. म्हणजे कोर्टाने सांगेपर्यंत ते चालू होतं. आणि राज्यात लागवडीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी साधारण ७० टक्के पितो, असं कृषिमूल्य आयोगाची आकडेवारी सांगते. पाणी नाही असं म्हणू नका. ते कुणाच्या शेताकडे वळलं आहे, ते बघा.

आणि तोच ऊस तोडायला कोण जातं? बीड, जालना, धाराशिवमधून उचल घेऊन मुकादमाच्या मागे निघालेली भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबं, वंजारी, बौद्ध, मातंग, भटके. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीला बीड जिल्ह्यातल्या पाहणीत आढळलं की सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. दुष्काळ, कर्ज, कोयता आणि बाईचं शरीर यांची ही साखळी आहे.

नुकसान मोजायची पट्टीच सातबाराची

हवामान बदल म्हणजे फक्त दुष्काळ नव्हे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने उभी पिकं आणि माती वाहून गेली. अशा वेळी तलाठी येतो, पंचनामा करतो, आणि मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, ती तुटपुंजी आहे हेही खरं. पण त्याच शेतात सोयाबीन काढून, कापूस वेचून जिचं वर्ष निघणार होतं, तिचा पंचनामा कोण करतं? १८८० च्या आयोगाने सांगितलं होतं की पहिला मार मजुरीला बसतो. दीडशे वर्षं होत आली, तरी मदतीच्या फॉर्ममध्ये मजुरीचा रकाना नाही.

इथे गायरानाचा प्रश्न येतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले. मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायरानं कसली, दगड-गोटे वेचून जमीन केली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी असंख्य कुटुंबांची नोंद अजून गाव नमुना '१-ई'च्या, म्हणजे अतिक्रमणाच्या, वहीतच अडकली आहे किंवा कुठेच नाही. सातबारा नाही म्हणजे पीककर्ज नाही, विमा नाही, गारपिटीची मदत नाही. शेतकरी आत्महत्येची मदत मिळायलाही जमीन कुटुंबाच्या नावावर लागते.

काही मित्र म्हणतील, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते, मराठा शेतकरीही फास घेतोच ना? घेतो. कोरडवाहू मराठा, वंजारी, धनगर शेतकरी हवामानाच्या तडाख्यात आहे, आणि त्याची लढाई आपल्या लढाईपासून वेगळी नाही. पण ज्याचं नुकसान मोजलं जातं आणि ज्याचं मोजलंच जात नाही, या दोघांत फरक आहे. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, सातशेहून अधिक माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकटे राहणारे गरीब वृद्ध आणि उजाड झालेल्या काळ्या वस्त्या यांनी सर्वाधिक किंमत मोजली. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या, गरीब वस्त्यांचं तेच झालं. तिथे वंश, इथे जात. ऊन आणि वारा सगळ्यांना सारखाच, पण घराची भिंत सारखी नाही.

बाबासाहेबांनी पाणी कसं पाहिलं

आपल्या चळवळीचीही एक चूक सांगते. पर्यावरण हा श्रीमंतांचा छंद, असं म्हणून आपण हा विषय सोडून दिला. बाबासाहेबांनी सोडला नव्हता. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य होते आणि सिंचन व वीज त्यांच्याकडे होती. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर दामोदर खोऱ्याची, पुढे महानदीची योजना त्यांच्याच काळात आकाराला आली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग झाला, तोच आजचा केंद्रीय जल आयोग. पूर आणि दुष्काळ हे नशीब नाही, राज्याने सोडवायचा प्रश्न आहे, ही त्यांची भूमिका होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामुदायिक करण्याची, जातीभेद न करता ती कसायला देण्याची मांडणी केली. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. ज्याला ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्याच मसुद्यात तो येणार.

आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पाहा. बाबासाहेबांच्या मांडणीत सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद होतो, संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो. तो सुचवतो की दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. बहुमत ऐकत नाही, आणि त्याला परिव्राजक व्हावं लागतं. पाणी न्यायाने वाटा, हे आपल्या धम्माच्या पहिल्या प्रकरणात आहे.

न्यायाने वाटणं अशक्य नाही, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. तत्त्व असं की पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी मोजायचं, भूमिहीनालाही त्यात वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. याउलट आज नाला खोलीकरणाच्या कामांवर श्रमदान आपली माणसं करतात आणि पाणी वाढतं ते ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या विहिरीत.

म्हणून तरुण मित्रांनो, १४ एप्रिलला डीजेचा खर्च करताना आपल्या वस्तीचा एक हिशेब करा. किती घरं, किती नळ, टँकर किती दिवसांनी, ड्रमला किती पैसे, पाण्यासाठी किती मुलांची शाळा बुडते. तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसला जा. गावाकडे गायरान कसणाऱ्यांच्या १-ई नोंदी तपासा, नसतील तर अर्ज द्या. आणि पुढच्या अतिवृष्टीत पंचनामा होईल तेव्हा मजुरांच्या बुडालेल्या दिवसांची यादी आपणच करून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवा, ते मागोत न मागोत.

हवामान आता बिघडतच जाणार आहे. वाईट वर्षं पूर्वी दहा वर्षांनी यायची, आता लवकर लवकर येतील. त्या वर्षांत कोणाच्या लेकराने रेल्वेने पाणी आणायचं, हे मात्र आभाळ ठरवत नाही.

जय भीम!